परमुलखातला आपला माणूस
(साक्षरता वर्गापुढे केलेले भाषण)



आज आम्ही तुम्हांला एका लहान देशाची हकिकत सांगणार आहोत. हकिकत खरी आहे. त्या देशाचे नाव आयर्लंड.

भिंतीवरचा नकाशा बघा. युरोपच्या डाव्या अंगाला समुद्रात दोन बेटे दिसतात. मोठे बेट ब्रिटनचे. त्याच्या पलीकडे धाकटे बेट आहे. त्याचा उत्तरेकडचा एक कोपरा ब्रिटनकडे आहे. बाकीचा सगळा मुलूख म्हणजे आयर्लंड देश. २०२२ च्या शिरगणतीत या देशाची वस्ती सुमारे ५१ लाख भरली. आपल्या एका पुणे जिल्ह्याची वस्ती २०११ सालीच ९४ लाख होती. म्हणजे आपल्या एका जिल्ह्याच्या निम्म्याहून थोडा मोठा, एवढाच हा देश.

हा देशही एके काळी इंग्रजांच्या अमलाखाली होता. झगडून स्वतंत्र झाला. तिथली माणसेही पोटापाण्यासाठी देशोदेशी जातात. कोणी डॉक्टर, कोणी शिक्षक, कोणी कारागीर. घरी म्हातारी आईबापे फोनची वाट बघत बसतात. आता परमुलखात एकाएकी लढाई पेटली, तर या माणसांना कोणी आणायचे? कसे आणायचे? हाच आजचा विषय.

तटस्थ म्हणजे काय?

आयर्लंडला तटस्थ देश म्हणतात. हा शब्द आपण नीट समजून घेऊ. तट म्हणजे काठ. जो काठावर उभा राहतो, तो तटस्थ. दोन देशांची लढाई जुंपली तर हा देश कोणाच्याच बाजूने उतरत नाही. १९३९ ते १९४५ या काळात जगात मोठे महायुद्ध झाले. त्यातही आयर्लंड उतरला नाही. पुढे अमेरिका आणि युरोपातले पुष्कळ देश यांनी नाटो नावाचा लष्करी संघ केला. त्यातही आयर्लंड गेला नाही. युरोपीय संघात मात्र तो १९७३ साली सामील झाला.

कोणी म्हणेल, काठावर उभे राहणारा माणूस म्हणजे कामचुकार. गंमत बघणारा. तसे नाही, मंडळी. काठावर उभे राहून बुडणाऱ्याला दोर टाकता येतो. आयर्लंडने तेच केले. १९५८ सालापासून या देशाचे शिपाई संयुक्त राष्ट्रांच्या शांतिकार्यात जात आले. १९६० साली ते आफ्रिकेतील काँगो देशात गेले. त्याच वर्षी नोव्हेंबर महिन्यात निएंबा या ठिकाणी त्यांच्या तुकडीवर छापा पडला. नऊ शिपाई कामास आले. लहान देशाला तो मोठा धक्का होता. तरी पुढे ते लेबनॉनला गेले, आणखी कुठे कुठे गेले. आपल्या भारताचे जवानही काँगोत आणि लेबनॉनमध्ये होते.

पण शिपाई बाहेर पाठवायचे तर आयर्लंडमध्ये नियम कडक. बारापेक्षा अधिक हत्यारी शिपाई शांतिकार्यासाठी परदेशी धाडायचे असतील, तर तीन ठिकाणची मान्यता लागे. पहिली संयुक्त राष्ट्रांची. दुसरी त्यांच्या सरकारची. तिसरी त्यांच्या लोकसभेची. लोक याला तिहेरी कुलूप म्हणतात. कोठाराला तीन कुलपे असली आणि किल्ल्या तिघांकडे असल्या, म्हणजे एकट्याच्या लहरीने दार उघडत नाही. हेतू चांगला आहे. मात्र घाईची वेळ आली, की त्याच कुलपांची अडचणही होते.

विमान गेले आणि रिकामे आले

२०११ साली लिबिया देशात बंड झाले. राजधानी त्रिपोली. तिथे आयर्लंडची माणसे अडकली. सरकारने आपल्या वायुदळाची विमाने जवळच्या माल्टा बेटावर पाठवली. तिथून एक विमान त्रिपोलीला उतरले. पण विमानतळावर सगळा गोंधळ. माणसे विमानापर्यंत पोहोचलीच नाहीत. विमान रिकामे परतले. पुढे ती माणसे निरनिराळ्या वाटांनी, इतर देशांच्या मदतीने बाहेर पडली.

यातून शिकण्यासारखे काय? नुसते विमान असून भागत नाही. विमानाजवळ माणूस पोहोचला पाहिजे. त्याच्यापाशी कागद पाहिजेत. तिथल्या अधिकाऱ्याशी बोलणारा आपला कोणी पाहिजे. बैलगाडी दारात उभी आहे, पण वाट बंद आहे, तर गाडीचा काय उपयोग?

म्हणून आयर्लंडने एक पद्धत बसवली. संकट आले की परराष्ट्र खात्याचे अधिकारी आणि लष्कराचे शिपाई यांचे एक लहान पथक करायचे आणि संकटाच्या जागी धाडायचे. अधिकारी कागद बघतात. शिपाई वाट काढतात. दोघे मिळून एक काम.

काबूलचे तीन दिवस

१५ ऑगस्ट २०२१. आपल्याकडे झेंडावंदन चालू होते. त्याच दिवशी अफगाणिस्तानची राजधानी काबूल तालिबानच्या हाती गेली. हजारो लोक विमानतळाकडे धावले. बाया, पोरे, म्हातारे, सगळे फाटकाशी येऊन थडकले. त्या गर्दीत काही आयर्लंडचे नागरिकही होते.

काबूलला आयर्लंडची वकिलात नव्हती. वकिलात म्हणजे परदेशातली आपल्या सरकारची कचेरी. मग कोणाकडे जायचे? २३ ऑगस्टला सरकारने पथक धाडण्याचे ठरवले. दोन वरिष्ठ अधिकारी आणि त्यांच्यासोबत आर्मी रेंजर विंग या निवडक दलाचे मोजके शिपाई. दुसऱ्या दिवशी ते काबूलला पोहोचले.

आता त्यांचे काम कसे असते ते ऐका. फाटकाबाहेर हजारोंचा जमाव. त्यातून आपले माणूस हुडकायचे. फोन लावायचा. अमुक फाटकाशी या, अमुक खूण दाखवा, असे सांगायचे. माणूस दिसला की त्याचा पासपोर्ट बघायचा, नाव यादीशी ताडायचे, आणि त्याला हात धरून आत घ्यायचे. मग दुसऱ्या देशाच्या विमानात जागा मागायची. कारण आयर्लंडजवळ एवढ्या लांबचे मोठे विमान नव्हते. पथक ज्या विमानांनी लोकांना हलवणार, ती विमाने मित्रांची.

२६ ऑगस्टला पथकाला निघावे लागले. त्या तीन दिवसांत त्यांनी २६ नागरिकांना बाहेर काढले. त्याआधी निघालेले धरून आकडा ३६ झाला. त्याच २६ तारखेला विमानतळाच्या फाटकाशी मोठा स्फोट झाला. अमेरिकेचे १३ सैनिक आणि शेदीडशेहून अधिक अफगाण लोक त्यात मेले. तीन दिवसांचे काम किती धोक्याचे होते, ते यावरून समजावे.

आता एक कडू गोष्ट. पथक निघाले तेव्हा सगळी माणसे सुटली नव्हती. आयर्लंडचे नागरिक आणि त्यांचे घरचे मिळून साठेक जण मागे होते. आयर्लंडमध्ये राहण्याचा परवाना असलेले काही अफगाणही मागे होते. सरकारने ते लपवले नाही. उघड सांगितले, आणि त्यांना आणण्याचे काम पुढेही चालू ठेवले. मंडळी, अडचणीच्या वेळी खरा आकडा सांगणे हेही सरकारचे कर्तव्यच आहे. घरी बसलेल्या आईला खोटी आशा देण्यापेक्षा खरी बातमी देणे बरे.

सुदानची लढाई

दोन वर्षांनी पुन्हा तीच वेळ आली. या खेपेस आफ्रिकेत. सुदान देशाची राजधानी खार्टूम. निळी नाईल आणि पांढरी नाईल या दोन नद्या तिथे एकत्र होतात. १५ एप्रिल २०२३ रोजी त्या शहरात लढाई पेटली. ही परक्यांची स्वारी नव्हती. देशाचे लष्कर एका बाजूला, आणि त्याच देशातले दुसरे हत्यारबंद दल दुसऱ्या बाजूला. सरदार दोन, नगर एक. भरडली गेली ती रयत.

रमजानचा महिना चालू होता. पुष्कळ कुटुंबे ईदसाठी गावी आलेली. आयर्लंडच्या इस्पितळांत सुदानी डॉक्टर बरेच आहेत. त्यांतले कित्येक आता आयर्लंडचे नागरिक झालेले. आईबापांना भेटायला म्हणून लेकरांना घेऊन आले, आणि लढाईत सापडले. विमानतळ पहिल्याच दिवशी बंद पडला. वीज नाही, नळाला पाणी नाही. दाराबाहेर गोळ्या सुटताहेत. घरातले धान्य किती दिवस पुरणार?

सुदानातही आयर्लंडची वकिलात नव्हती. तेव्हा प्रथम उपयोगी पडले ते नाव नोंदवणे. ज्यांनी आपली नावे, पत्ते, फोन सरकारकडे कळवले होते, त्यांना निरोप पाठवता आला. दुसरा आधार युरोपीय संघाचा. त्या संघात एक नियम आहे. एखाद्या देशात आपली वकिलात नसेल, तर संघातल्या दुसऱ्या देशाच्या वकिलातीने आपल्या माणसाला मदत करावी. तेव्हा फ्रान्स आणि स्पेन यांनी आपल्या विमानांत आयर्लंडच्या लोकांनाही जागा दिली. पहिल्या खेपांत पन्नासेक माणसे अशी सुटली.

२४ एप्रिलला आयर्लंडच्या सरकारने पथकाला मंजुरी दिली. लष्कराचे फार तर बारा जण, आणि सोबत परराष्ट्र खात्याचे अधिकारी. ठाणे कुठे? जिबूती या लहानशा देशात. तो तांबड्या समुद्राच्या तोंडाशी आहे. लढाईच्या मुलखाबाहेर, पण फार लांब नाही. फ्रान्सचा मोठा लष्करी तळ तिथे आहेच. ही मोजकी माणसे काही लढाई करायला गेली नव्हती. इतर देशांच्या अधिकाऱ्यांशी बोलणे, पुढचे विमान केव्हा आहे ते कळवणे, आलेल्या माणसाला ओळखणे, त्याला पाणी, औषध, कागद देणे आणि घराच्या वाटेला लावणे, हे त्यांचे काम. पुढे ब्रिटननेही खार्टूमजवळच्या एका धावपट्टीवरून विमाने सोडली. त्यांतूनही आयर्लंडची माणसे आली. सगळी मिळून दोनशेच्या वर माणसे सुटली.

मोजके शिपाई आणि दोनशे माणसे. जीव लहान, पण काम मोठे. मात्र हे त्यांनी एकट्याने केले नाही. मित्रांच्या विमानांवर केले, हे ते स्वतःच सांगतात.

दोन बाजूंचा वाद

आता आयर्लंडच्या लोकांत वाद आहे. तो आपणही ऐकून घेऊ. काही जण म्हणतात, "स्वतंत्र देश म्हणवतो आणि आपली माणसे आणायला दुसऱ्याची गाडी मागतो, हे बरे नव्हे. उद्या त्याच्या गाडीत जागा नसली तर?" त्यांचे म्हणणे खोटे नाही. काबूलनंतर हा प्रश्न फारच पुढे आला. २०२२ च्या डिसेंबरात सरकारने सैन्यासाठी एक वाहतुकीचे विमान मागवले. २०२५ साली तिहेरी कुलपाचा कायदा बदलण्याचा मसुदाही सरकारने काढला. बाराऐवजी पन्नासांपर्यंत शिपाई मोकळेपणी पाठवता यावेत, असा त्याचा रोख.

दुसरे म्हणतात, "सावध. आज माणसे आणायला पन्नास जातील, उद्या कोणाच्या तरी लढाईत ओढले जातील. कुलूप आहे तेच बरे." त्यांचे म्हणणेही टाकाऊ नाही. काठावरचा माणूस दोर टाकता टाकता स्वतःच पुरात जाऊ शकतो.

आम्हांला विचाराल तर दोन्ही पक्ष एका गोष्टीवर सहमत आहेत, आणि तीच आम्हांला मोठी वाटते. परमुलखातले माणूस आपले आहे. ते मूळचे कुठले, त्याचा धर्म कोणता, त्याची चामडी कोणत्या रंगाची, हे कोणी विचारले नाही. त्याच्या हाती आयर्लंडचा पासपोर्ट होता. तेवढे पुरे झाले. खार्टूममध्ये जन्मलेला डॉक्टर आणि डब्लिनमध्ये जन्मलेला शिक्षक, यादीत दोघांची नावे एकाखाली एक.

आपल्या देशाने काय केले?

तुम्ही म्हणाल, लहान देशाचे कौतुक झाले, आता आपले सांगा. सांगतो.

ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत घेतले. तिथे आपली माणसे होती ती हजारांनी नव्हे, लाखांनी. त्यात कोकणचे, गोव्याचे, केरळचे किती तरी. ती वाळवंट तुडवून जॉर्डनला आली. अम्मान शहरातून एअर इंडियाच्या विमानांनी त्यांना मुंबईला आणले. सुमारे दोन महिने विमाने ये-जा करत होती. सुमारे १ लाख ७० हजार माणसे आली. ती विमाने सैन्याची नव्हती. रोजची उतारूंची होती.

२०१५ साली येमेनमध्ये लढाई झाली. तेव्हा आपल्या नौदलाची जहाजे गेली. एका जहाजाचे नावच मुंबई. चार हजार सहाशेच्या वर भारतीय आले, आणि त्यांच्याबरोबर ४१ देशांची ९६० माणसेही आपण आणली. म्हणजे कधी आपण दुसऱ्याच्या गाडीत बसतो, कधी दुसरा आपल्या गाडीत. गावात असेच चालते ना? एकाची बैलजोडी, दुसऱ्याचा नांगर. दोघांचे शेत नांगरून होते.

सुदानच्या वेळी तर आयर्लंड आणि भारत दोघेही त्याच संकटात होते. आपल्या मोहिमेला ऑपरेशन कावेरी असे नाव होते. पोर्ट सुदान या बंदरातून आपली जहाजे माणसे घेऊन जेद्दाला जात. तिथून विमाने. २७ एप्रिल २०२३ रोजी अशा एका विमानातून २४६ जण मुंबईत उतरले. त्याच रात्री खार्टूमजवळ वादी सय्यदना या धावपट्टीवर वायुदळाचे एक विमान अंधारात उतरले. धावपट्टीवर दिवे नव्हते. वैमानिकांनी रात्री दिसणारे खास चष्मे लावून विमान उतरवले आणि १२१ जणांना उचलले. सगळी मिळून ३,८६२ माणसे आली.

आपण काय करावे?

मंडळी, हे ऐकून नुसते घरी जाऊ नका. आपल्या गावचीही पोरे आखाती देशांत जातात. कोणी गवंडी, कोणी वाहनचालक, कोणी स्वयंपाकी. त्यांच्यासाठी चार गोष्टी आजच करा. तहान लागल्यावर विहीर खणू नये.

पहिली गोष्ट. परदेशी गेलेल्या माणसाने तिथल्या भारतीय वकिलातीत आपले नाव नोंदवावे. पत्ता बदलला, फोन बदलला, तर तोही कळवावा. यादीत ज्याचे नाव नाही, त्याला हुडकणार कसे?

दुसरी गोष्ट. पासपोर्टची नक्कल घरी ठेवा. पासपोर्टचा क्रमांक एका वहीत लिहून ठेवा. मुक्कामाचा पत्ता, मालकाचे नाव, फोन, हेही त्याच वहीत लिहा. वही पेटीत नीट ठेवा, आणि कुठे ठेवली ते घरातल्या दोघांना तरी माहीत असू द्या.

तिसरी गोष्ट. लढाईची बातमी आली की कोणाच्याही सांगोवांगीवर धावू नये. वकिलातीचा निरोप येईल त्याप्रमाणे वागावे. सांगितल्या वेळी, सांगितल्या जागी हजर व्हावे. सामान थोडे घ्यावे. कागद अंगावर ठेवावेत. विमानात जागा माणसाला असते, पेटीला नसते.

चौथी गोष्ट. अडचण पडली तर आपल्या परराष्ट्र खात्याकडे तक्रार लिहिता येते. त्यासाठी सरकारने २०१५ साली मदद नावाची सोय काढली. ती संगणकावर चालते. स्वतःला जमत नसेल तर शिकलेल्या मुलाकडून भरून घ्या. पण नाव आणि क्रमांक बरोबर आहे ना, ते स्वतः वाचून बघा.

आणि इथेच तुमच्या या वर्गाचा उपयोग आहे. आम्ही छत्तीस वर्षे शाळेत पोरांना अक्षरे गिरवायला लावली. सेवा संपल्यावर आता तुमच्यासारख्या मोठ्या माणसांपुढे उभे राहतो. पुष्कळ जण विचारतात, या वयात शिकून काय करायचे? त्याचे उत्तर या हकिकतीत आहे. काबूलच्या फाटकावर काय लागले? नाव, क्रमांक, कागद. खार्टूमच्या घरात बसलेल्या माणसाला काय लागले? आलेला निरोप वाचता येणे. आणि इकडे घरी बसलेल्या आईला काय लागते? लेकाचे नाव यादीत आहे की नाही, ते दुसऱ्याच्या तोंडाकडे न बघता स्वतःच्या डोळ्यांनी वाचता येणे.

आयर्लंडने मोजके शिपाई पाठवले. पण त्यांच्या हातात एक यादी होती. यादीत प्रत्येक माणसाचे नाव नीट लिहिलेले होते, म्हणून तो सापडला.

उद्या वर्गाला येताना प्रत्येकाने एक काम करून यावे. ज्याच्या घरचे किंवा भावकीतले कोणी परमुलखात असेल, त्याने त्याचे पूर्ण नाव, पत्ता आणि पासपोर्टचा क्रमांक आपल्या हाताने वहीत लिहून आणावा. ज्याचे कोणी नसेल, त्याने शेजाऱ्याला लिहायला मदत करावी. आम्ही प्रत्येकाची वही तपासू.